क्लाराचं मार्मालेड

परवा टोकियोजवळच्या उरायासुच्या सुपरमार्केटात एक बाई मार्मालेड चाखायला देत होती. त्या कडवट-गोड संत्र्याच्या वासाने मी पंधरा वर्षं मागे गेलो, टोकियोतल्या तोयोसुत, माझ्या इंग्रज बॉसच्या फ्लॅटवर.

त्याचे काका निपुत्रिक वारले आणि घराण्याचा वंशपरंपरागत 'सर' हा किताब त्याच्याकडे आला, म्हणून त्याने आम्हाला चहाला बोलावलं होतं. त्याची एकुलती एक मुलगी, बारा वर्षांची क्लारा, स्वतः केलेलं मार्मालेड टोस्टला लावून सगळ्यांना देत होती.

मी अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, "कसलं अभिनंदन? किताब मुलालाच मिळतो. माझ्यानंतर कोणीच नाही. संपलं घराणं."

"डॅडी, मी आहे ना," क्लारा म्हणाली.

"तू असून काय उपयोग?" तिच्याकडे न बघताच तो हसला. क्लाराचा चेहरा लालबुंद झाला. आणि मीही हसलो, बॉसला बरं वाटावं म्हणून.

परतताना ट्रेनमध्ये बायको म्हणाली, "तू हसलास कसा?" तेव्हा मला तिचाच राग आला होता. बॉसची तर कीव वाटली होती.

आज त्या किताबाची किळस येतेच, पण त्याहून जास्त माझ्या त्या हसण्याची. आमची पाच वर्षांची सई तेव्हा माझ्याच मांडीवर बसली होती.