मागच्या काचेतलं फडकं

ती घटना मी आयुष्यभर विसरू शकलो नाही, असं निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने लिहायचं असतं. मी विसरलो होतो. निवृत्तीनंतर मी सगळंच रीतसर विसरायला घेतलं होतं आणि त्यात बरी प्रगती होती. परवा कोर्टाचं समन्स आलं, साक्षीला हजर राहा म्हणून, तेव्हा आठवलं. आमच्या खात्यात आठवणी अशाच येतात, शिपायाच्या हातून, सही घेऊन.

मी तेव्हा बेहालाच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. इथे त्याला 'बडोबाबू' म्हणतात. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले आणि परत गेले नाहीत. मी इथेच शिकलो, इथेच पोलिसात लागलो. घरी मराठी, ठाण्यात बंगाली, वरिष्ठांसमोर इंग्रजी आणि आरोपीसमोर प्रसंग पाहून हिंदी, असं माझं चाललेलं होतं.

दुर्गापूजेच्या आधी इथे विश्वकर्मा पूजा येते. कारखाने, गॅरेज, छापखाने बंद असतात, यंत्रांना हार घालतात, गच्च्यांवरून पतंग उडतात आणि दुपारनंतर बाटल्या उघडतात. त्या दिवशी आमच्या हद्दीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी एक मजूर पडलेला सापडला. वय पन्नाशीच्या पुढे. आत मैदानात दुर्गापूजेचा मंडप उभा राहत होता, तिथे तो बांबू वाहून नेत होता. शेजारी लांबलचक बांबू पडला होता आणि डोकं गटाराच्या कठड्यावर आपटलं होतं. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली: 'मद्यप्राशन करून तोल जाऊन पडल्याचा संशय.' त्या दिवशी त्या गल्लीत दारूचा वास कुठूनही आला असता. लिहिणाऱ्याने तो मजुराच्या नावावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक सद्गृहस्थ फिर्याद घेऊन आले. मी त्यांना ओळखत होतो. इथल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचं घराणं जुनं होतं आणि खिदिरपूरच्या गोदीत परदेशातून आलेला माल सोडवून देण्याचा व्यवसाय होता. गणपतीच्या आरतीला ते नेहमी पुढच्या रांगेत उभे राहत, म्हणजे गणपतीलाही सोयीचं पडे.

"साहेब, तुम्ही आपले म्हणून थेट तुमच्याकडे आलो," ते म्हणाले. "नवी गाडी आहे हो. मागची काच फोडली. पूजेची वर्गणी दिली नाही, म्हणून त्या क्लबच्या पोरांनी दगड घातला."

गाडी विजेवर चालणारी होती, आकाराने आमच्या कोठडीएवढी. मागच्या काचेत गरम होणाऱ्या तारा होत्या, काचेवर बर्फ साचलं तर वितळवायला. कोलकात्यात. तशी काच इथे मिळत नव्हती, परदेशातून यायची होती. गाडी मात्र पाहायला मिळाली नाही, कारण ती आदल्या संध्याकाळीच वर्कशॉपला गेली होती. फिर्यादीसोबत फक्त एक फोटो होता. त्यात काचेच्या जागी भलं मोठं भोक होतं आणि डिकीभर साबुदाणा सांडावा तसे काचेचे खडे.

गल्ली तीच होती, दिवसही तोच. पण आकस्मिक मृत्यूची फाइल एका टेबलावर होती आणि काचेची दुसऱ्या, आणि काचेच्या फाइलबद्दल वरून रोज फोन येत होते.

मजुराच्या फाइलबद्दल कोणी फोन केला नाही. त्याची बायको मात्र यायची. बजबजच्या ज्यूट मिलच्या मागे तिची खोली होती. ती लोकलने यायची आणि बाकावर बसायची. मी आलो की उभी राहायची.

"बडोबाबू, ते दारू पीत नव्हते," ती म्हणायची.

"रासायनिक अहवाल येऊ द्या. तोवर आम्ही काहीच म्हणत नाही."

"लिहिलंय ना तुम्ही."

"संशय लिहिलाय."

"आमच्या वस्तीत संशय कोणी म्हणत नाही. पिऊन मेला म्हणतात. सुनेची आई माझ्या दारात उभी राहून हसली."

एवढंच तिचं मागणं होतं. नुकसानभरपाईचं तिने एकदाही विचारलं नाही. तो एक शब्द काढा, म्हणत होती. पोलिसांच्या नोंदीतला शब्द काढता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

काचेच्या प्रकरणात मी क्लबच्या, म्हणजे मैदानात मंडप घालणाऱ्या पूजामंडळाच्या, सचिवाला चौकशीला बोलावलं. त्याचं होमिओपॅथीच्या औषधांचं दुकान होतं आणि स्वभाव वकिलाचा.

"वर्गणी मागितली होती?" मी विचारलं.

"मागितली. ते नाही म्हणाले. आम्ही नमस्कार केला. नमस्कार करणं गुन्हा असेल तर कबूल."

"मग दगड कोणी मारला?"

"बडोबाबू, दगड बाहेरून मारला तर तो गाडीच्या आत पडणार. आत असेल तर त्यांच्याकडे आहे. तुम्ही माझ्याकडे कसा मागता?"

त्या महिन्यात ठाण्यात बोललं गेलेलं हे सर्वांत तर्कशुद्ध वाक्य असावं. मी त्याला चहा सांगितला. चहा पिता पिता तो बाहेरच्या बाकाकडे पाहून हळूच म्हणाला, "त्या बाईचं वाईट वाटतं हो. पण नवरा प्यायलाच असणार. आम्ही त्याचा बांबू उचलून मैदानात आणला तर टोकाला फडकं नव्हतं."

लांब बांबू रस्त्यावरून नेताना मागच्या टोकाला लाल फडकं बांधतात, मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून. बरेच जण खांद्यावर दोन पावलं न्यायचा असेल तर बांधत नाहीत. हा मात्र मंडपापर्यंतच्या एका वळणासाठीही बांधायचा. बाकीचे त्याला 'गार्डबाबू' म्हणून चिडवायचे, रेल्वेच्या शेवटच्या डब्यात झेंडी घेऊन बसतो तो.

"तो फडकं विसरला, म्हणजे शुद्धीवर नव्हता," सचिव म्हणाला. "आम्ही सगळे तेच म्हणतो."

मी बाईला आत बोलावलं आणि हे तिला सांगितलं. ती पहिल्यांदाच चिडली.

"विसरले? माझी लाल साडी फाडून दर वर्षी मी त्यांना पट्ट्या करून देते. काठ सोडत नाही, काठ मजबूत असतो. मैदानात जाऊन बघा, बाकीच्या बांबूंना माझीच साडी आहे. आणि बडोबाबू, एक सांगा. त्या दिवशी ते एकटेच का वाहत होते?"

"का?"

"बाकीचे सगळे प्यायले होते म्हणून."

मी नोकरीत पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या. यापेक्षा लहान एकही नाही.

दरम्यान काच आली. इतरांना परदेशी काचेसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, पण गोदीतून माल सोडवणं हा ज्यांचा धंदा, त्यांच्या काचेला कोण अडवणार? गाडी दुरुस्त होऊन घरी गेल्याचं कळलं आणि मी दगडाची विचारपूस करायला त्यांच्या बंगल्यावर गेलो. वहिनींनी दार उघडलं. "या भाऊजी. अहो, साहेब आलेत! पोहे टाकते."

गृहस्थांनी उत्साहाने गाडी दाखवली. मी मागची नवी काच पाहिली, तारांचं कौतुक केलं. मग पुढच्या सीटवर बसवून ते मला पडदा, कॅमेरे, आसनाची मालिश वगैरे दाखवू लागले. माझ्या नाकासमोर, आरशाला, एक लाल पट्टी बांधलेली होती. तिला पिवळट काठ होता. एका टोकाला सुतळीची गाठ होती आणि गाठीत बांबूची एक चिरफळी अडकलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"देवीचं असेल. हिने बांधलंय."

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या. "मी कुठे? मला वाटलं वर्कशॉपवाल्यांनी नव्या काचेची पूजा करून बांधलं. मी रोज नमस्कार करते त्याला."

मी तिथूनच वर्कशॉपला फोन लावला. फोनवरचा माणूस गांगरला. "सर, ते गाडीतलंच आहे. नवी काच बसवायच्या आधी डिकीतले खडे काढले, त्यात निघालं. आम्हाला वाटलं कालीघाटच्या देवीचं. लाल कापड कचऱ्यात कसं टाकणार? झटकून आरशाला बांधलं."

कोलकात्यात दुसरा कुठलाही पुरावा केव्हाच कचऱ्यात गेला असता. हा श्रद्धेमुळे वाचला. आणि त्याच श्रद्धेमुळे घरातल्या कोणीही तो काय आहे हे विचारलं नव्हतं.

मी दोन पंच बोलावले, पट्टी सोडवून पंचनामा केला आणि गृहस्थांना ठाण्यात घेऊन आलो. बाई बाकावर होती. माझ्या हातातल्या पारदर्शक पिशवीकडे तिची नजर गेली आणि ती उठून उभी राहिली. तिने काठावर बोट ठेवलं, पिशवीच्या बाहेरून.

खोलीत मी गृहस्थांना पुन्हा पहिल्यापासून, लिहून घेणाऱ्यासाठी बंगालीत, सांगायला लावलं. एका कारखान्यात प्रसादाचं बोलावणं होतं. खिचडी खाल्ली, निघाले. समोर पतंगवाल्या पोरांची गर्दी, म्हणून गाडी मागे घेतली.

"मागे घेताना पडद्यावर काय दिसलं?"

"काही नाही. म्हणजे, लाल काहीतरी होतं. पण साहेब, पूजेचा दिवस. सगळीकडे लालच."

"कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग?"

"ती सोय वेगळी घ्यावी लागते. आम्ही घेतली नाही."

"मागे जाताना ही गाडी आवाज करते ना? लोकांना कळावं म्हणून?"

ते म्हणाले, "करते. म्हणजे करायची. सकाळी सकाळी हिची झोपमोड व्हायची. मी वायर काढून घेतली. साहेब, गाडी इतकी शांत आहे, तुम्हाला सांगतो..." आणि तिथे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"काच फुटल्यावर उतरलात?"

"अशा ठिकाणी कोण उतरतं? मला वाटलं दगड. पोरं तोवर पतंगामागे पांगली होती, मी गाडी पुढे काढली आणि निघालो."

मी मैदानातून तो बांबू मागवला होता. तो माझ्या खोलीत मावेना, म्हणून अंगणात ठेवला आणि त्यांना दाखवला. मजूर गल्लीत शिरत होता, बांबूचं फडक्याचं टोक मागे रस्त्यावर होतं. गाडी आवाज न करता त्या टोकावर गेली. खांद्याच्या उंचीवरचा बांबू बंपरातल्या यंत्रांना दिसला नाही. काच फोडून टोक आत गेलं आणि त्या धक्क्याने बांबू खांद्यावर असलेला माणूस फेकला गेला. गाडी पुढे निघाली तसा बांबू बाहेर ओढला गेला, फडकं आत राहिलं. गाडीचा त्याला स्पर्शही झाला नव्हता. तो तिच्यापासून अर्ध्या बांबूच्या अंतरावर पडला होता, आणि तेवढ्या अंतरामुळे दोन फाइली झाल्या.

गृहस्थांनी बांबूच्या टोकाला हात लावला. मग मराठीत, अगदी हळू विचारलं, "मी निघालो तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"किती वेळ?"

"लोकांनी पाहिलं, तोपर्यंत होता."

ते खाली बसले, अंगणातच, जमिनीवर. त्या माणसाबद्दल मला अनेक मतं होती. त्यातलं एकही त्या वेळी उपयोगाला आलं नाही.

गुन्हा दाखल झाला, फिर्यादीच आरोपी झाले, जामीनही झाला. आमच्या मराठी मंडळींतल्या काही जणांनी माझ्या घरी येणं बंद केलं. एका काकांनी फोन करून "आपल्याच माणसाला?" असं विचारलं. मी म्हटलं, "हो, मला तोच सापडला."

रासायनिक अहवाल आल्यावर बाईला मी अंतिम अहवाल वाचून दाखवला. 'मृताने मद्यप्राशन केल्याचे दिसून येत नाही.' तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बडोबाबू, कागद वस्तीत कोण वाचतो? तुम्ही येऊन सांगा."

याची तरतूद कुठल्याही नियमात नाही. मी गेलो. मिलच्या मागच्या रांगेत, पाण्याच्या नळापाशी, गणवेशात उभा राहिलो आणि जमलेल्या बायकांना सांगितलं की तो माणूस शुद्धीत होता, फडकं बांधून होता आणि त्याची काही चूक नव्हती. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एका बाईने घागर उचलली आणि मान खाली घालून निघून गेली. ती सुनेची आई असावी.

निघताना मजुराच्या बायकोने विचारलं, "ती पट्टी परत मिळेल? त्यांनी हाताने बांधलेली शेवटची गाठ आहे तिच्यावर."

खटला संपला की मिळेल, असं मी म्हटलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणसं न पाहिलेल्या दगडावर सहज विश्वास ठेवतात आणि मेलेल्याच्या शुद्धीवर ठेवत नाहीत. सावधपणे वागणाऱ्याला जिवंतपणी हसतात आणि मेल्यावर त्याच्याकडे पुरावा मागतात. हे सगळं मी साक्षीत सांगणार नाही, कोर्ट ते लिहून घेत नाही.

समन्स आल्यावर मी ठाण्यात मुद्देमालाची चौकशी केली. गाडी जप्तीनंतर आठवड्याभरात बंधपत्रावर मालकाला परत मिळाली होती. फडकं अजून मालखान्यात आहे.