मी गाळलेलं वाक्य

धाकट्या बहिणीने आपल्या लग्नाचा विधी स्वतः लिहायचा ठरवला, तेव्हा माहेरी, धुळ्याला, भलतीच काळजी पडली. आमच्याकडे मंगलाष्टकांत नातेवाइकांची नावं गुंफतात. एखादं राहिलं, तर ते माणूस न जेवता निघून जातं. हिच्या विधीत एकही नाव नव्हतं.

"फुई रुसी बसी, आन बठ्ठा हासतीन," आई म्हणाली. फुई म्हणजे आमची आत्या. ती रुसण्यात पटाईत आहे.

मला ना फुईची काळजी होती, ना सगळे हसतील याची. माझ्या पोटात दुखत होतं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात सगळ्यांची नावं गाऊन होईपर्यंत मी अंतरपाटामागे ताटकळले होते. मला बोलायला मिळाला तो एक उखाणा, तोही मावशीने घोकून घेतलेला. आणि ही चार पानं लिहून माझ्या जळगावच्या घरी हजर.

"अक्का, तुझं अक्षर चांगलं आहे. जाड कागदावर उतरवून देशील?"

दुपारी, सासूबाई झोपल्यावर, लिहायला बसले. दोघांनी एकमेकांना काय सांगायचं ते ओळीने होतं. आजारपणात कोण रजा घेणार, सणाला कुणाच्या घरी जायचं. वाचताना माझा जीव जळत होता. तिसऱ्या पानावर होतं: 'मी नोकरी सोडणार नाही, आणि तू मला सोड म्हणायचं नाहीस.'

लग्नानंतर दोन महिन्यांत मी यावलच्या शाळेतली नोकरी सोडली होती. कुणी सोड म्हणालंही नव्हतं. सकाळचा डबा आणि बसची वेळ जमेना, एवढंच. हिला मात्र सगळं आधीच मिळणार, तेही माइकवर, साऱ्या पाहुण्यांसमोर. मी ते वाक्य गाळलं. विचारलंच तर नजरचुकीने राहिलं म्हणणार होते.

लग्नात ती माझ्या अक्षरातला कागद बघून वाचत होती. तिसऱ्या पानावर थांबली. मग तिने कागद खाली केला, नवऱ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य तोंडपाठ म्हटलं. तो "सोड म्हणणार नाही" म्हणाला. मांडवात कुणी हसलं नाही.

पंगतीत ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"अक्का, एक वाक्य राहिलं होतं."

"नजरचुकीने गं."

"असू दे. पाठच होतं मला. तुझ्या हळदीला तू आरशासमोर उभी राहून तेच घोकत होतीस. उद्या त्यांना सांगणार म्हणालीस. मी तुझे केस धरून उभी होते."

तिने माझ्या बट्टीवर तूप वाढलं.

"सांगितलंस का गं भाऊजींना?"

मी बट्टी कुस्करत राहिले.