ओसरीवरची पहाट
ओल्या चुन्याचा वास आला की नवेगाव बांधच्या डॉक्टरीणबाईंची ओसरी आठवते. रंग त्यांनीच आणून दिले होते. ओसरीच्या भिंतीवरचं चित्र जमलं तर आतल्या खोल्याही मलाच रंगवायला देणार होत्या. चुन्यात नीळ कालवून मी गडद तलाव काढला, पण चुना जास्त झाला होता. वाळता वाळता सगळं पाणी फिकं पडलं. मान खाली घालून मी विचारलं, “पुसून टाकू का, बाई?” बाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. “काऊन पुसतेस? पहाटे तलाव असाच दिसते. लवकर उठून पाहिलास का कधी? उद्या आतली भिंत घे.” पुढे त्यांच्या घरातली एकेक भिंत माझी झाली. आज बाई नाहीत. मी काढली होती ती संध्याकाळ, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.