मंगळवार पेठेची खुर्ची

तात्या मान्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःशीच भांडत होते. लखनौला मानक नगरमध्ये माझ्या भाड्याच्या खोलीसमोर त्यांचं बैठं घर होतं. जानेवारीतलं धुकं हटून दुपारचं ऊन नुकतंच त्यांच्या व्हरांड्यात आलं होतं. समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर स्टीलच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. डाव्या खुर्चीतून तात्या हातवारे करत म्हणाले, "अहो, सरळ सरळ पेनल्टी होती!" मग उठले, गळ्यातला मफलर सारखा केला, उजव्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "कसली पेनल्टी? तुमचा गडी आपणहून पडला." पुन्हा उठले, पुन्हा मफलर, पुन्हा डावी खुर्ची.

माझे घरमालक गॅलरीत माझ्या शेजारीच उभे होते. "माने साहब हैं," ते हळूच म्हणाले. "भाभीजी गुज़र गईं, तब से दोनों तरफ़ से अकेले ही लड़ लेते हैं."

बँकेच्या बदलीवर मला लखनौला येऊन आठच दिवस झाले होते. बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा कोल्हापुरात, म्हणून मी एकटा. आठ दिवसांत मराठी बोललो ते फक्त फोनवर. 'गडी' हा शब्द कानावर पडला आणि मी स्लिपरवरच जिना उतरलो.

"कोल्हापूर का?" मी फाटकातून विचारलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नाव नाही, नोकरी नाही, एकच प्रश्न. "पेठ कुठली?"

"मंगळवार."

तात्यांनी मफलरच्या टोकानं उजव्या खुर्चीवरची धूळ झटकली. "बसा. ही तुमचीच."

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथे माणूस आधी पेठेचा असतो आणि मग आईबापांचा. तात्या शिवाजी पेठेचे, मी मंगळवार पेठेचा. या दोन पेठांचा सामना मैदानावर संध्याकाळी संपतो आणि कट्ट्यावर सुरू होतो. कोणी पास उगाच दिला, कोणाला वेळेवर बाहेर काढायला हवं होतं, रेफ्रीचा चष्मा कुठल्या दुकानातला, याचा खल आठवडाभर चालतो. तात्या चोविसाव्या वर्षी रेल्वेच्या नोकरीसाठी लखनौला आले, वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन इथेच घर बांधलं. त्यांना इथे सगळं मिळालं. फक्त कट्टा मिळाला नाही.

"माणसं लई चांगली हैत इथली," ते म्हणायचे. "पण भांडाय कोण गावत न्हाई. 'आप ठीक कहते हैं' म्हणत्यात आन घरला जात्यात. आता ठीक कहते हैं म्हटल्यावर माणसानं फुडं बोलायचं काय?"

उजवी खुर्ची काकींची, म्हणजे तात्यांच्या बायकोची होती. काकींचं माहेर मंगळवार पेठ. त्या जन्मात कधी मैदानावर गेल्या नव्हत्या, ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण तीस-पस्तीस वर्षं त्यांनी माहेरची बाजू सोडली नाही. पूर्वी तात्यांचे भाऊ फोनवर सामन्याची हकिकत सांगायचे, पुढे मोबाईलवर सामनाच दिसू लागला. दोन्ही काळांत भांडण तेच. "चेंडू हाताला लागला का पायाला, तिला काय सुदिक कळायचं न्हाई," तात्या सांगत. "पण मान्य केलं न्हाई हो कधी. एकदा बी न्हाई!" पोरगा बोर्डात आल्याचं लोक ज्या सुरात सांगतात, तो सूर.

तात्यांच्या कट्ट्याला कायदा होता. सामना संपल्यावर आधी चहा. चहा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग आधी स्वतःच्या संघाची चूक सांगायची, त्यानंतरच रेफ्रीला हात लावायचा. "आपलं झाकून रेफ्रीवर जाणारा गडी कच्चा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण स्वतःच्या संघाची चूक ते इतक्या घाईनं उरकायचे, की माझा कप खाली ठेवून होईपर्यंत रेफ्रीची तीन पिढ्यांपर्यंत चौकशी झालेली असायची. 'जाऊ दे' या शब्दाला बंदी होती.

त्यांचा मुलगा संदीप अमौसीला विमानतळावर नोकरीला. शिफ्टची ड्युटी, मनाचा मऊ, मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत. "पापा, मैच तो ख़त्म हो गया ना?" असं तो दारातून विचारायचा. तात्या माझ्याकडे असे बघायचे की बघा, काय ही पिढी. एकदा संदीपनं मला फाटकापाशी गाठलं. "अंकल, आप बोर तो नहीं होते?" मी नाही म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. रविवारच्या त्या दोन तासांवर मी आठवडा काढत होतो.

एका रविवारी मात्र मी चुकलो. त्या दिवशी माझ्या लेकीचा वाढदिवस होता. सकाळी फोनवर ती म्हणाली, "बाबा, नंतर करते, मैत्रिणी आल्यात," आणि नंतर केलाच नाही. माझं कशात लक्ष नव्हतं. तात्या एका पिवळ्या कार्डावरून तावातावानं बोलत होते. दमून मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं, तात्या."

ते थांबले. माझा कप उचलला, स्वतःचा उचलला आणि आत गेले. मला वाटलं चहा आणतायत. पंधरा मिनिटं बसलो, मग घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ते आलमबागेला, माझ्या बँकेत आले. टोकन घेऊन रीतसर रांगेत बसले आणि नंबर आल्यावर माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "काल तुम्ही मला एकटं टाकलंत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हां म्हणणारी इथं गल्लीभर हैत. तुम्ही मान्य केलं की त्या खुर्चीवर कोण बी नसतंय हो."

मागच्या ग्राहकानं "भाई साहब, ज़रा जल्दी" म्हटलं. मी घाईघाईनं बोललो, "तात्या, ते कार्ड बरोबरच होतं. तुमच्या गड्यानं मागून पाय घातला होता." तात्यांचा चेहरा उजळला. "डोळं तपासा!" म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या दोन पेठांतच अंतिम सामना झाला. बरोबरी होती, शेवटची मिनिटं. शिवाजी पेठेच्या गड्यानं फटका मारला, चेंडू वरच्या दांड्यावर आदळून खाली आला, आणि नेमकं तेव्हाच मोबाईलवरचं चित्र थांबलं. मध्यभागी चक्र फिरू लागलं. चित्र परत आलं तेव्हा खेळाडूंनी रेफ्रीला घेरलं होतं. गोल दिला नव्हता. पुढे टायब्रेकरवर आम्ही जिंकलो.

चहा झाला. तात्या म्हणाले, "होता."

"नव्हता," मी म्हणालो.

"बघितला तुम्ही?"

"नाही. तुम्ही?"

"न्हाई. पण होता."

रेकॉर्डिंग आहे, पाहू या, म्हणून मी मोबाईलकडे हात नेला. तात्यांनी वर आपला पंजा ठेवला. "बघायचं न्हाई."

"अहो, एका मिनिटात निकाल लागेल."

"म्हणूनच. निकाल लागला की कट्टा उठतोय."

तो सामना आम्ही वर्षभर खेळलो. चेंडूचा टप्पा चुन्याच्या रेषेवर पडला की आत, त्यांनी कपबशी मांडून दाखवलं, मी डबे मांडून दाखवलं. शपथेवर सांगतो, दोघांपैकी कोणीही ते रेकॉर्डिंग पाहिलं नाही.

लखनौला येऊन तीन वर्षं झाली आणि माझी बदली परत कोल्हापूरला झाली. मला आनंद झाला होता आणि तो तात्यांपासून लपवता येत नव्हता, याची लाज वाटत होती. निघताना त्यांच्याकडे गेलो. ते डाव्या खुर्चीत होते. पाया पडू दिलं नाही. "खुर्ची हितंच ऱ्हाईल," म्हणाले. मी वळलो तसे म्हणाले, "होता."

"नव्हता," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन. "मंगळवार पेठ का?" "हो." "होता." "नव्हता." मग गुडघे, धुकं, संदीपच्या ड्युट्या. सुरुवातीला मी फोनची वाट पाहायचो. पण आता माझ्याकडे घर होतं, लेक होती, खराखुरा कट्टा होता. रविवारी मी मैदानावर असायचो, तिथल्या गोंगाटात फोन ऐकू यायचा नाही. घरी आल्यावर त्यांचं नाव दिसायचं. उद्या करू, असं म्हणायचो. कधी करायचो, पुष्कळदा राहून जायचं. हे लिहिताना अजूनही मला माझा राग येतो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलल्याबरोबर "नव्हता!" म्हणालो. पलीकडे संदीप होता.

तात्या गेले होते. छातीत कफ झाला, नऊ दिवस हॉस्पिटलात होते. मला कळवू दिलं नव्हतं. संदीप बराच वेळ बोलत राहिला. मग म्हणाला, "अंकल, परसों पापा ने वो पुराना फ़ाइनल मोबाइल पर निकलवाया. तीन बार देखा. फिर मुझसे बोले, मंगळवार पेठ को बता देना, गोल नहीं था." मग त्यानंच विचारलं, "इसमें कोई ख़ास बात थी क्या?"

"हो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला आधी दुःख झालं नाही, राग आला. ज्या माणसानं मला मान्य करायला बंदी केली, त्यानंच मान्य करून टाकावं? निकाल लावून कट्टा उठवून जावं? त्या रागातच मी ते रेकॉर्डिंग शोधलं आणि पहिल्यांदा पाहिलं.

चेंडू दांड्याला लागून खाली आला तो चांगला वीतभर आत. आमच्या गोलकीपरनं तो आतून ओढून बाहेर काढला. कोणालाही दिसेल इतकं स्वच्छ. गोल होता.

तात्यांनी हे तीन वेळा पाहिलं होतं. म्हणजे मान्य वगैरे त्यांनी काही केलं नव्हतं. ते उठले होते, मफलर सारखा केला होता आणि उजव्या खुर्चीत जाऊन बसले होते. मंगळवार पेठेची बाजू कोणीतरी घ्यायला हवी होती, आणि कित्येक रविवार मी जागेवर नव्हतो.

घरात कोणी नव्हतं. मी मोबाईल खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "होता, तात्या. सरळ सरळ होता."

समोर एक रिकामी खुर्ची होती. उठून तिच्यात जाऊन बसायचं आणि "नव्हता" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तात्यांनी ते काकींसाठी कितीतरी रविवार केलं. मला त्या दिवशी एकदाही जमलं नाही.