दांडीला बांधलेलं कांकण

देवालाही घाईत नमस्कार करणारा माणूस मी. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आधी हसणारा मीच! त्यामुळे हे वाचून आमच्या घरचेच मला हसतील... हसू देत.

सत्तरच्या दशकाचा शेवट, मे महिना. चुलतभाऊ सुधाकरचं लग्न हिंगणीला होतं आणि नवरदेव पिपरी मेघेहून निघणार होता त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या काकाजींच्या मोटारीतून. स्वातंत्र्याच्या आधीची गाडी, हॅन्डल मारून सुरू व्हायची. काकाजी असेपर्यंत तिला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. ते आदल्या वर्षी गेले. मी शिकलो जीपवर, पण घरात लायसन माझ्याकडेच... म्हणून ड्रायव्हर मी.

सुधाकरला ती गाडी म्हणजे डोक्याला ताप. निघतानाच काकूला म्हणाला, "तुह्या हट्टापायी बसतो, आई. पण आज थे अडली, तं उद्या भंगारात देतो. सांगून ठेवतो."

काकूचा चेहरा उतरला. काकाजींची तेवढीच एक आठवण तिच्यापाशी चालती-फिरती उरली होती. तिने हळदीच्या दोऱ्याचं एक कांकण घेतलं आणि स्टिअरिंगखालची छोटी दांडी मागे ओढून स्टिअरिंगच्या खांबाशी करकचून बांधली. गाडी चालवताना काकाजींचा हात सारखा त्या दांडीकडे जायचा, म्हणून.

"गाडीलेबी हळद लागली पायजे," ती म्हणाली. "अन् लग्न लागेपर्यंत कांकण सोडू नको बाप्पा."

दांडी कशाची, मला ठाऊक नव्हतं. माझ्या जीपला असलं काही नव्हतंच.

सेलू ओलांडलं आणि रेडिएटर उकळला. पहिला संशय झेंडूच्या हारांवर, वारा अडवत असतील म्हणून. ते काढून शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मांडीवर टाकले. इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. थोडं पुढे गेलो... पुन्हा वाफ! पट्टा ताणून पाहिला, ठीक. पंखा ठीक. नळी कुठे फुटलेली नाही. नवरदेव मुंडावळ्या सावरत पुठ्ठ्याने रेडिएटरला वारा घालतोय — काय ते दृश्य! हसू आवरेना, पण मुहूर्त टळत चाललेला. वऱ्हाड एसटीने कधीच पुढे गेलं होतं.

"काऊन रे, नाई चालत का आता?" काकूने विचारलं. तिचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

"अजून एकदा पाहू, काकू," म्हटलं आणि हॅन्डल मारलं.

गाडी निघाली. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि ती दांडी... हळूच, कुणी अंगठ्याने सरकवावी तशी पुढे गेली. इंजिनचा आवाज एकदम खुलला, गाडी हलकी झाली.

"तू हलवली का रे?"

"मी कायले हात लावू? माह्या मांडीवर हे हार हायेत ना!" सुधाकर डोळे फाडून दांडीकडे पाहत होता.

आरशात पाहिलं. मागे काकूने डोक्यावर पदर घेतला होता. काकाजी समोर आले की घ्यायची, अगदी तसा.

"चाल आता," ती म्हणाली. "थे बसले."

हिंगणीपर्यंत पाणी उकळलं नाही. मुहूर्त गाठला.

पुढे वर्ध्याच्या एका मिस्त्रीने उलगडा केला. ती स्पार्कची दांडी. हॅन्डल मारताना मागे, इंजिन लागलं की पुढे घ्यायची. मागेच राहिली तर ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन तापतं. म्हणजे काकूच्या कांकणानेच गाडी उकळत होती! हे पटलं. खड्ड्यांनी दांडी निसटली असेल, असंही तो म्हणाला. पण कांकण खांबाला तसंच होतं... गाठ न सुटता, दोरा न तुटता. लग्नानंतर ते सोडायला नव्या सुनेला दात लावावे लागले. मग त्या गाठीतून दांडी निघाली कशी?

भंगाराचं नाव सुधाकरने पुन्हा काढलं नाही. गाडी आहे. ते परत कधी घडलं नाही. तरी हॅन्डल मारून सीटवर बसलो की मी दांडीला लगेच हात लावत नाही. थोडं थांबतो.