दौंडच्या मैदानावरचे बारा मीटर

सोलापूरहून सकाळच्या पॅसेंजरने निघाले तेव्हा सोबत चार मुली, पाण्याचा कॅन आणि शाळेचं स्टॉपवॉच होतं. नव्वदीच्या दशकातला तो हिवाळा. विभागीय शालेय क्रीडा स्पर्धांचं यजमानपद त्या वर्षी शिरूर आणि दौंडने वाटून घेतलं होतं. कबड्डी, खो-खो शिरूरला. धावणं, उड्या आणि फेक दौंडला. मी क्रीडाशिक्षिका. मुली सांभाळायच्या आणि पंच म्हणून शर्यतींची वेळही नोंदवायची, अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती.

दौंड हे आमच्या लेखी खिडकीतून चहा घ्यायचं स्टेशन. त्या दिवशी पहिल्यांदाच जिना चढून पलीकडे उतरले. बाहेर आम्हाला न्यायला टेम्पो उभा होता. रेल्वेच्या चाळी मागे पडल्या, ऊस सुरू झाला, आणि भीमेच्या अलीकडे एका मोकळ्या रानात आम्ही उतरलो. उसाचा खोडवा मोडून, रोलर फिरवून केलेलं मैदान. चुन्याच्या रेघा अजून ओल्या होत्या. रान आप्पांचं होतं. साठीचे, टोपी घातलेले, हाताला चुना लागलेला.

“सोलापूरच्या का बाई? या. गादी कडक हाय शाळंतली, पर जेवणाला कमी पडायचं न्हाई.”

पडलंही नाही. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळून आमटीत शिजवलेली कडबोळी), भाकरी, कांदा. वाढायला गावातल्या बायका होत्या. माझ्या तीन मुलींनी दोनदा मागून घेतलं. रेश्माने मात्र एक भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. ती तीन हजार मीटर पळणार होती. वडील यंत्रमागावर कामाला, आणि पहिल्या दोनांत आली तर राज्यस्पर्धेला जायची परवानगी त्यांनी दिलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शर्यत झाली. पहिली आली कासुर्डीची सुजाता, अनवाणी पळणारी, उंच मुलगी. रेश्मा दुसरी. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, नुसती हसत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्टॉपवॉचकडे पाहिलं. तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा वीस सेकंद कमी होते. दोन वर्षं मी तिला पळवत होते. दोन-चार सेकंद समजले असते. मग बाकीच्यांच्या वेळा पाहिल्या. शेवटच्या मुलीचीही वेळ चांगली होती. तिथे माझा आनंद ओसरला.

जेवणाच्या सुट्टीत मी आप्पांकडे टेप मागितला. दोघांनी मिळून फेरी मोजली. चारशेच्या जागी तीनशे अठ्ठ्याऐंशी भरली. आप्पांनी पुन्हा मोजायला लावलं. तेवढीच भरली.

ते वळणाच्या मधल्या खुंटीजवळ गेले. वळण आखलेला काथ्याचा दोर तिथेच पडला होता. त्यांनी तो हातात घेऊन दाबला.

“दोर बराबर कापला व्हता मी. पर आखायच्या आधी टँकरनं पाणी मारलं, तवा ह्यो भिजला. आखडला आसंल.” मग हळू म्हणाले, “आता समद्यांस्नी सांगावं लागंल व्हय, बाई?”

मी पंचांच्या खोलीत गेले. नगरचे एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “सगळ्याच मुली तेवढंच पळाल्या. नंबर थोडेच बदलणार आहेत?”

“अंतरच पुरं नाही, तर शर्यत कसली?” मी म्हणाले.

“बघा बुवा. तुमचीच मुलगी दुसरी आहे.”

ते मला माहीत होतं. तासाभराने निर्णय झाला: मैदान नव्याने आखायचं आणि ही शर्यत उद्या सकाळी पुन्हा घ्यायची.

रेश्माला मी स्वतः सांगितलं. तिने ऐकून घेतलं, “बरं,” म्हणाली आणि पायांना तेल लावायला बसली.

सकाळी आप्पांनी लोखंडी तारेने वळणं आखून ठेवली होती. त्यांनी चहा घेतला की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. सुजाताचे वडील आले होते, कुरकुंभच्या कंपनीचा निळा शर्ट घालून.

“काल फस्ट शिफ्ट व्हती,” ते मला म्हणाले. “हिचं पळणं हुकलं माझं. आज बघाय मिळंल.”

त्यांना मिळालं. सुजाता पुन्हा पहिली आली. रेश्मा पाचव्या फेरीपर्यंत दुसरी होती. मग तिची पोटरी धरली. नगरची एक मुलगी पुढे गेली, मग आणखी एक. ती चौथी आली. मी वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुपारी एस.टी.ने शिरूरला गेलो, बक्षीस समारंभासाठी. या गावाला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. पुलाखाली नदीत पाणी थोडं होतं. मंडपात भाषणं लांबली. आप्पांचा सत्कार झाला तेव्हा ते शाल घेऊन पटकन खाली उतरले.

दौंडहून परतीच्या गाडीत तिघी भेंड्या खेळत होत्या. रेश्मा माझ्या समोर बसली होती. कालपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. कुर्डुवाडी गेल्यावर तिने विचारलं, “बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?”

“बहुतेक नाही.”

“सांगितलं ते बरोबरच केलं तुम्ही.” मग ती म्हणाली, “पण मी दुसरी आले होते ना?”

“हो,” मी म्हणाले. “आली होतीस.”

तिने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर मी पुष्कळ गावांना पंच म्हणून गेले. लोक माझ्या प्रामाणिकपणाची ही गोष्ट सांगतात, मी ऐकून घेते. पण दौंडला पोचल्या दिवशी रेघा ओल्या होत्या, टेप तिथेच होता, आणि संध्याकाळ मोकळी होती. तेव्हाच फेरी मोजली असती, तर रेश्माला एकदाच पळावं लागलं असतं.