कानसेनांची परीक्षा

माझ्या भावाला सगळे कानसेन म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, पुढे चेष्टा गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं. मी दादाच म्हणते, आणि चेष्टा करायचा हक्क मी अजून सोडलेला नाही. नळ टपकला तर पलीकडच्या खोलीतून ओरडणारा, पण वहिनी होती तेव्हा तिची हाक हटकून न ऐकू येणारा असा हा माणूस. घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही गाणी ऐकायची महागडी यंत्रं बनवतो. मी सोल्डरिंग करते, त्याची सून प्रोग्राम लिहिते आणि दादा ऐकतो. ऐकणं हेच त्याचं काम.

ऐकायचं काय, तर फिल्टर. यंत्रात साठवलेलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्यांचा पुन्हा आवाज करताना वरच्या बाजूला नको तो कचरा उरतो आणि तो कापायला फिल्टर लागतो. कचकन कापलं तर प्रत्येक ठोक्याच्या आधी आणि नंतर बारीक थरथर उमटते. ठोका पडायच्या आधीच थरथर, हे दादाला मुळीच खपत नाही. वेगळ्या तऱ्हेनं कापलं तर सगळी थरथर ठोक्याच्या मागे जाते. हळूहळू उतरतं कापलं तर थरथर कमी होते, पण उंच आवाज जरा मऊ पडतात. आमच्या यंत्रात असे पाच प्रकार आहेत. पडद्यावर नावं दिसतात, रिमोटनं हवा तो निवडायचा. फरक केसाएवढा. मला तो कळत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

दादाला कळायचा. सून न सांगता फिल्टर बदलायची आणि तो डोळे मिटून कुठला ते सांगायचा. क्वचितच चुकायचा. पण मध्यंतरी डॉक्टरांनी त्याचे कान तपासले आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. तेव्हापासून कानांचा विषय निघाला की दादा उठून जायचा. घाबरला होता तो. बोलत नव्हता, पण बहिणीला काय सांगावं लागतं?

अशात तो वितरक आला. नीटनेटका, मृदू बोलणारा, मोठ्या दुकानांना माल पुरवणारा. त्याची ऑर्डर म्हणजे आम्हाला वर्षभराचं काम होतं. यंत्र त्याला आवडलं, कागद टेबलावर मांडून झाले, पेनाचं टोपण निघालं. आणि तेवढ्यात त्याला हुक्की आली. तुमच्या कानांबद्दल फार ऐकलंय, जरा प्रत्यक्ष बघू द्या, असं म्हणून त्यानं रिमोट हातात घेतला. दादानं नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणेल तर तो दादा कसला? खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटले.

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडतो, असं दादानंच कधीतरी केलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. वितरकानं एक फिल्टर निवडला, मग दुसरा. तिसरा लावला. दादाच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही बदलतच नाही आहात," तो म्हणाला.

वितरकानं बदलल्याचं सांगितलं. पडदा त्याच्याकडे होता आणि नावं बदलत होती, ती मलाही दिसत होती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून पाचही वाजवून दाखवले. किल्ल्या पडत राहिल्या. दादानं खुर्चीचे हात घट्ट धरले, मान तिरकी केली, पुढे वाकला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मला सगळं एकच ऐकू येतंय," अखेर तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मीच कान टवकारले.

वितरक वाईट नव्हता. वयाबरोबर व्हायचंच, म्हणाला. लोक तरी कुठे ऐकतात, नावं बघून खूश होतात, आपल्या ऑर्डरला काही फरक पडत नाही. असं म्हणून त्यानं पेन उचललं. त्याच्या त्या समजूतदार हसण्याचा मला अजून राग येतो.

इकडे सून मात्र दादाचं पहिलं वाक्य ऐकल्यापासूनच कामाला लागली होती. बाबा बदललं नाही म्हणतात तर ते बदललेलं नसणार, एवढंच ती पुटपुटली. तिनं तोच प्रोग्राम असलेलं दुसरं यंत्र मोजणीच्या पडद्याला जोडलं आणि त्यातून एकच ठोका पाठवला. पहिला फिल्टर, मग दुसरा, मग पाचवा. दर वेळी तेच चित्र. परवा प्रोग्राममध्ये केलेल्या सुधारणेत घोळ झाला होता. नाव बदलत होतं आणि आतला फिल्टर पहिल्यावरच अडकून बसला होता.

ती उठली तसं मी तिचं मनगट धरलं. सही होऊ दे, म्हटलं. चूक दुरुस्त करून मग पाठवू, दादाला नंतर सांगू. हातातोंडाशी आलेला घास आहे. मी चुकीचं बोलले असं मला आजही वाटत नाही. तिनं हात सोडवून घेतला.

"बाबा, तुमचं बरोबर आहे," दारात उभी राहून ती म्हणाली. "पाचही एकच वाजतायत. चूक माझी आहे."

दादानं वरसुद्धा पाहिलं नाही. "पुरे. लोकांसमोर माझी समजूत काढू नकोस."

तिनं मोजणीचा पडदा आणून वितरकापुढे ठेवला आणि पाच वेळा तोच ठोका दाखवला. वितरकाचं हसू मावळलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. अशी चूक माल पोचल्यावर सापडली असती तर, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कागद बॅगेत भरले. पुढे कधीतरी बघू, म्हणाला. असल्या 'पुढे कधीतरी'चा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता.

गाडी गेल्याचा आवाज आला तरी दादा खुर्चीतच होता. चित्राकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

"सही केली का त्यानं?" त्यानं विचारलं.

"नाही," सून म्हणाली.

"ऑर्डर गेली?"

"गेली, बाबा."

दादानं खूप वेळानं श्वास सोडला. खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं सैल झाली.

"म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची समजूत काढायला वर्षभराचं काम कोण घालवतं?"

मी सुनेकडे पाहिलं. ती मोजणीचा पडदा उचलून चूक दुरुस्त करायला आत निघाली होती. मीही तिच्यामागे गेले.